पाचरीचं टोक

कुपवाडच्या फाउंड्रीत रात्रपाळीला
माझं काम एवढंच,
पळीभर लोखंडाच्या मनात काय आहे ते बघायचं.
वाळूचा वाटीएवढा कप, आत तापमान मोजणारी तार.
दस्तगीर नदाफ ओततो, मागे सरतो,
आणि पडद्यावर एक रेघ उतरू लागते.

तेराशे. बाराशे. अकराशे पन्नास.
पुस्तकात लिहिलंय, इथं गोठायचं.
लोखंडानं पुस्तक वाचलेलं नसतं.
अकराशे चाळीस. अडतीस.
गोठणबिंदू केव्हाच डोक्यावर राहिला
आणि आत अजून सगळं पातळ.

कुणी प्रयत्न करत नाही असं नाही.
क्षणाक्षणाला चार अणू हात धरतात,
पाचवा येतो, सहावा येता येता निघून जातो,
घोळका मोडतो.
लहान गावाला वेस परवडत नाही,
वेस बांधण्यातच घरं संपतात.
पण रेघ जितकी खाली जाईल
तितकं लहान गाव तग धरतं.
मग कुठंतरी एक टिकतं,
आणि रेघ वळते. वर.
गोठताना लोखंड तापतं.
अकरा वर्षं बघतेय, अजून अंगावर काटा येतो.

फार खाली जाऊ द्यायचं नाही म्हणून
सुकुमार मगदूम धारेत पावडर सोडतो,
मूठभर फेरोसिलिकॉन, तागडीत तोललेलं.
नव्या पोरांना सांगतो,
"निव्वळ चोख असून भागत न्हाई रं,
लोखंडाला बसाय कायतरी लागतंय."
त्या पावडरीचा जीव सात-आठ मिनिटांचा.

त्या रात्री क्रेन अडकली.
बारा मिनिटं भरलेलं लॅडल हवेत लटकत होतं
आणि आम्ही सगळे माना वर करून.
नंतर ओतलेली पाचर मी पाण्यात विझवली, हातोड्यानं फोडली.
टोक पांढरं असतं नेहमी, नखाएवढं.
ही कमरेपर्यंत पांढरी,
खडीसाखरेसारखी चकाकत होती.
कार्बनला पाकळ्या उघडायला वेळच मिळाला नव्हता.
चाळीस पंपांचे सांगाडे, काचेइतके कडक, काचेइतके ठिसूळ.

सोमवारी फळ्यावर कागद लागला,
भंगाराचे पैसे पगारातून.

सुट्टीच्या भोंग्यानंतर सतरा माणसं आवारात उभी होती.
कुणी घरी जाईना, कुणी बोलेना.
दोघं कुजबुजले, तिसरा जवळ आला,
चौथ्यानं मोबाईल काढला, तेही तुटलं.
उपाध्ये मॅनेजर खिडकीत आले, चहा पिऊन गेले.
माधवनगरची शेवटची वडाप निघून गेली.
मी मोजत होते, सवयच ती.
बोलायची वेळ टळून वीस मिनिटं.
पंचवीस.
शांतता इतकी खाली गेली होती
की आता भाषण लागणार नव्हतं,
शब्दसुद्धा नाही.

ऐवळ्यांचा सूरज, वय एकोणीस, लागून तीन महिने.
डोकं खाजत होतं म्हणे.
त्यानं हेल्मेट काढलं आणि खाली ठेवलं.
टक.

दस्तगीरचं त्याच्या शेजारी.
मग मगदूमांचं, मग एकदम सगळ्यांची,
मोजायला सवड मिळाली नाही.
पिवळ्या हेल्मेटांचा ढीग,
आणि थंडीत माणसांचे चेहरे तापलेले.
माझंही हेल्मेट तिथंच होतं.
कधी ठेवलं, आठवत नाही.

"म्या काय न्हाई केलं ओ," सूरज म्हणत होता,
"डोस्कं खाजाय लागलं हुतं."
"व्हय रं," मगदूम म्हणाले, "पावडर बी काय करत न्हाई."

कागद दुसऱ्या दिवशी निघाला. क्रेनला नवी दोरी आली.
लोक म्हणतात आम्ही घट्ट झालो.
झालो खरे.
पण पंचवीस मिनिटं फार होती.
पाकळ्या उघडून गोठलो, की पांढरे पडून,
ते अजून मला माहीत नाही.

दोन्ही वरून सारखंच दिसतं.
फोडल्याशिवाय कळत नाही.